बाकाच्या एका टोकाला

दरवर्षी उन्हाळा आला की आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर एक वाद हमखास रंगतो. अमेरिकेतल्या कुठल्या शहराच्या बागा सगळ्यांत भारी? एक जण म्हणतो, न्यूयॉर्कच्या त्या भल्यामोठ्या बागेला तोड नाही. दुसरी शिकागोचा तळ्याकाठचा हिरवा पट्टा घेऊन बसते. तिसऱ्याला मिनिॲपोलिसचं वेड, तिथे म्हणे दाराबाहेर पाऊल टाकलं की बाग. मी आपली गप्प डबा खाते. माझी पंचाईत अशी की झाडं किती, हिरवळ किती, कारंजं आहे की नाही, या मापांनी बाग मोजायला मी कधी शिकलेच नाही. माझ्या शाळेच्या वयात बागेला एकच माप होतं. ही बाग बघून आई राहील, की परत जाईल?

आई अमरावतीच्या एका शाळेत दहावीला गणित शिकवायची. बाबांना अमेरिकेत काम मिळालं तेव्हा तिने राजीनामा दिला नव्हता, बिनपगारी रजा घेतली होती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला इथे नोकरी करायची मुभा नव्हती, आणि गाडी शिकायचा एकच प्रयत्न झाला, त्यात बाबांचाच धीर आधी सुटला. त्यामुळे दिवसभर घरात तिच्यासमोर फक्त कुकर, आणि संध्याकाळी मी आणि बाबा. रजा संपत आली की ती मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावायची, फोनकार्डावरचे आकडे खरवडून, आणि मी दाराआड उभी राहून ऐकायची. "अजून थोडी वाढवून मिळेल का, बाई?" एवढं कानावर पडलं की मी खेळायला पळायची. पण ते वाक्य दर वेळी थोडं उशिरा यायचं, आणि आधी दहावीच्या पोरांची चौकशी लांबत जायची. कोणाला भूमिती जड जाते, कोणाचं लग्न ठरलं म्हणून शाळा सुटली. एवढ्या लांबून ती त्यांच्यासाठी जीव टाकायची, आणि मला त्या न पाहिलेल्या पोरांचा राग यायचा. अगदी दात-ओठ खाऊन राग.

पहिलं गाव पिस्कॅटवे. अपार्टमेंटच्या मागे जी होती तिला बाग म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं. एक बास्केटबॉलचं मैदान, रंग उडालेले तीन बाक, एक मोठा मेपल आणि जिकडे तिकडे बदकांची घाण. समोर पार्किंग. पण त्या बाकांवर संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नसे. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील, धोतरावर जाडजूड जॅकेट, साडीखाली पांढरे स्पोर्ट्‌स शूज, असे सगळे तिथे. आई मेथीच्या जुड्या पिशवीत घालून जायची. निवडायची. एक गुजराती आजी होत्या, त्यांना सगळे बा म्हणत. बा हिंदीत बोलायच्या, आई तिच्या वऱ्हाडी हिंदीत उत्तर द्यायची, दोघींचं अर्धं अर्धं एकमेकींना कळायचं आणि दोघी खदखदा हसायच्या. आईची एक सवय मी तेव्हा पाहिली. बाक रिकामा असला तरी ती मधोमध कधी बसायची नाही. एका टोकाला बसायची, पर्स मांडीवर घेऊन. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "जागा दिसली तर कोणी बसते वं. मधात फतकल मारून बसलं तर कोण येईन?" त्या गावात मला झोप छान लागायची. रजा न कुरकुरता वाढत होती.

मग बाबांचा प्रोजेक्ट संपला आणि आम्ही अल्फारेटाला गेलो, जॉर्जियात. तिथली बाग म्हणाल तर स्वप्नातली. ओढ्याकाठाने मैलोगणती वाट, लाकडी पूल, उंच पाइन, कधी झाडाआडून हरीण बघत उभं. ऑफिसातल्या लोकांनी पाहिली तर पहिला नंबर डोळे झाकून देतील. अडचण एवढीच होती की आमच्या घरापासून तिथवर जायला फूटपाथ नव्हता. गाडीने पाच मिनिटं, पायी गेलं तर रस्त्याच्या कडेच्या गवतातून. आई गेली. एका दुपारी सलवार-कमीज, ऊन लागू नये म्हणून डोक्यावर ओढणी, हातात पिशवी, आणि शेजारून भन्नाट गाड्या. मागून पोलिसांची गाडी येऊन थांबली. तो पोलीस बिचारा घाबरला होता. बाईंची गाडी बंद पडली का, कोणी घरातून हाकललं का, असं विचारत होता. आई म्हणाली, "नो नो. वॉकिंग. गार्डन." त्याला ते काही केल्या पटेना. शेवटी त्याने तिला मागच्या सीटवर बसवून बागेच्या दारात सोडलं. ही गोष्ट बाबा पुढे कित्येक वर्षं सांगायचे, हसून हसून डोळे पुसायचे. आईही हसायची. त्या दिवशी मात्र ती संध्याकाळी स्वयंपाकघरात नुसती उभी होती, भाजी चिरायची सोडून. म्हणाली, "बाप्पा, चालणाऱ्या माणसाला पोलीस पकडते म्हणजे काय?" पुढच्या फोनला तिने रजा वाढवून मागितली नाही. शाळा सुरू होताना ती अमरावतीला गेली, हजर व्हायला, आणि "थोडे दिवस" असं मला सांगून गेली.

ते थोडे दिवस मोठे लांबले. बाबांना खिचडी आणि अंड्याची बुर्जी एवढंच यायचं. घरात फोडणीचा वास येईना, की कोणी "अभ्यास झाला का वं?" म्हणून ओरडेना. मी शाळेतून आल्यावर बूट मुद्दाम दारात फेकायची, कोणी रागावेल म्हणून. कोणी रागवायचं नाही. त्यात बाबांचं काम पुन्हा हललं, या वेळी टेक्सासला, फ्रिस्कोत. आईने कळवलं, पुन्हा रजा मिळतेय, दिवाळीच्या आधी येते, बघू कसं जमतं. "बघू" या शब्दाला मी इतकी घट्ट धरून होते की काय सांगू. मी बाबांना म्हटलं, "बाबा, यावेळी आधी बाग बघायची. मग घर." बाबा म्हणाले, "डन."

आणि मग बापलेकींनी जे काही केलं! दर रविवारी जुन्या गाडीत चिवड्याचा डबा, इंटरनेटवरून छापून घेतलेले रस्ते, आणि आम्ही बागा बघत हिंडायचो. मुलगी बघायला निघावं तसं. एका बागेत झाडं कमरेएवढीच, काठ्यांना बांधलेली. बाबा म्हणाले, "नाकीडोळी नीटस आहे, उंचीत मार खाते." दुसरीत घसरगुंड्या लहान मुलांच्या, बाकांवर सावलीचा पत्ता नाही. "स्वभाव तापट." तिसरी मस्त होती, पण तिच्यात आणि घरांमध्ये सहा पदरी रस्ता. तिथे मी ठामपणे नाही म्हटलं, मला तो पोलीस आठवला. फ्रिस्को तेव्हा नुसतं उभं राहत होतं. जिकडे बघावं तिकडे मातीचे ढीग, अर्धी घरं आणि 'लवकरच येत आहे' असे फलक. शेवटी सापडली. तळं, तळ्यात कारंजं, भोवती गुळगुळीत वाट, वाटेवर दिवे, बाकांवर कापडी छत, एका कोपऱ्यात बांधकामवाल्यांनी चुकून सोडलेलं एक जुनं झाड. आणि रस्ता ओलांडला की अपार्टमेंट, दुसऱ्या मजल्यावर, बागेकडे खिडकी. बाबांनी त्याच दिवशी सही केली. मी गाडीत मागच्या सीटवर बसून चक्क रडले, आनंदाने.

आई आली. मी तिचे डोळे झाकून तिला खिडकीपाशी नेलं आणि हात काढले. तिने खिडकी उघडून बाहेर डोकावलं. "छान आहे वं. लई छान. तुम्ही दोघांनी शोधली?" मी फुगून मान डोलावली. मग ती म्हणाली, "पण बसते कोण इथे?"

कोणीच नाही, हे खरं उत्तर होतं. आम्ही दर रविवारी भर दुपारी बागा बघितल्या होत्या, उन्हात. रिकामी बाग दिसली की बाबा म्हणायचे, वा, काय शांत आहे. माणसं उन्हामुळे नसतील, असं आम्ही धरून चाललो. संध्याकाळीही ती रिकामीच असे, हे बघायचं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. अमरावतीतून आलेल्या, जिथे कॉलनीतल्या उघड्या मैदानातसुद्धा संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, अशा दोन शहाण्यांनी आईसाठी शांतता निवडली होती! संध्याकाळी तिथे यायचे ते धावणारे लोक, कानांत वायरी खुपसून. आई रोज जायची. कोणी समोरून आलं की हसून "हाय" म्हणायची. ते "हाय" म्हणेपर्यंत पुढच्या वळणावर गेलेले असायचे. "पळतात काऊन सगळे? कोणी मागं लागलंय का यांच्या?" घरी येऊन म्हणायची. मी खिडकीतून बघायची. एवढी मोठी बाग, आणि छताखालच्या लांबलचक बाकावर, अगदी एका टोकाला, आईची पाठ. बाजूची जागा तशीच रिकामी. आजही कुठल्या शहरात असा बाक दिसला की मी मान वळवते. तेव्हा तर मी पडदाच ओढून घ्यायची.

दिवाळी झाली. शाळेचं पत्र आलं होतं, ते तिने लपवलं नाही. नव्या वर्षापासून हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. जेवताना तिने आम्हा दोघांना सांगितलं आणि वरण वाढलं. बाबा म्हणाले, "तू ठरव. मी काही बोलणार नाही." मला वाटलं, बोला ना, काहीतरी बोला!

मग कार्तिकात एके दिवशी तिने जाहीर केलं, "आवळीभोजन करू. बागेत." आमच्याकडे कार्तिकात बायका आवळ्याच्या झाडाखाली जमतात, झाडाची पूजा करतात आणि तिथेच पंगत मांडतात. वऱ्हाडात तर रोडगे हवेतच. कणकेच्या घड्या घालून वळलेले जाडजूड गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, फोडून त्यावर तुपाची धार, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. मी म्हटलं, "आई, आवळा कुठे आहे इथे?" तिने त्या कोपऱ्यातल्या जुन्या झाडाकडे बोट दाखवलं. मेस्किट होतं ते, काटेरी, बाभळीच्या जातीचं. "पान बघ न. लांबून अगदी आवळा." फळ देसी दुकानातून आलं, फ्रीझरमधलं, पाकिटात, दगडासारखं गोठलेलं. "आणि चूल?" तर त्या बागेत एका खांबावर लोखंडी शेगडी होती, लोक बर्गर भाजतात ती. आई रोज त्या बाकावर बसून तिच्याकडेच तर बघत होती.

पुढचे काही दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत लाजिरवाणे होते. आई अपार्टमेंटच्या जिन्यांनी फिरायची आणि घरं ओळखायची. दाराबाहेर चपला, बाल्कनीत तुळस, आतून हिंगाचा वास. लगेच बेल. मी तिच्या मागे पायऱ्यांवर लपून. "आई, असं नाही करत इथे कोणी. पीपल कॉल फर्स्ट!" ती म्हणायची, "नंबर कुठून आणू? बेल दिली आहे न दाराला?" दारं उघडायची, बावरलेली तोंडं दिसायची. कोणी म्हणायचं "ट्राय करतो", कोणी "वीकेंडला जरा बिझी आहे, आंटी". एका दारामागे नागपूरच्या वानखेडेकाकू निघाल्या. रोडगे म्हटल्याबरोबर त्यांनी आईचा हात जो धरला, तो सोडेचनात. काका आतून ओरडले, "कोण आहे गं?" काकू म्हणाल्या, "आपल्याकडची बाई आहे हो!" बाकी कोणाचाच भरवसा नव्हता. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, लोक आले तर आई राहणार, नाही आले तर जाणार. रात्री अंथरुणात देवाला सांगायची, माणसं पाठव रे बाबा, कुठलीही चालतील.

शनिवारी सकाळी आम्ही सतरंज्या, डबे, मोठी पातेली असं सगळं रस्त्यापलीकडे नेलं. बाबांनी कोळशावर तेल ओतायला घेतलं तर आईने हात धरला. "नका न हो, घासलेटासारखा वास लागेन रोडग्यांना." मग वर्तमानपत्राचे बोळे, फुंकर, आणि बाबांचे लाल डोळे. मेस्किटला हळदकुंकू लागलं, बुंध्याशी ताटलीत ते गोठलेले आवळे. आईने नमस्कार केला, मलाही करायला लावला. रोडगे शेगडीवर चढले. आणि कोणीच आलं नाही. बाबा घड्याळ बघायचे, मी जिन्याकडे. आई रोडगे फिरवत होती, चिमट्याने, शांतपणे. मी म्हटलं, "आई, मी जाऊन बोलावू का?" तर म्हणाली, "धूर जाऊ दे न आधी सगळ्यांच्या घरी."

धूर गेला, खरंच. आधी वानखेडेकाका-काकू, ताकाची मोठी कळशी घेऊन. त्यांच्या मागे वरच्या मजल्यावरची तेलुगू आजी, मुलाचा हात धरून, तिला भाजल्या कणकेचा वास गॅलरीतून आला म्हणे. "बिझी" असलेला मुलगा आला, अंघोळ न केलेला, तीन मित्रांसकट, आणि म्हणाला, "आंटी, यार, काय वास आहे हा!" चपलांचे जोड सतरंजीच्या कडेला वाढत गेले. रोज पळणारी एक उंच गोरी बाई, जिला आई रोज "हाय" म्हणायची, ती चक्क थांबली. कानांतल्या वायरी काढल्या. काय शिजतंय, विचारलं. मी म्हटलं, "ब्रेड." आई मागून ओरडली, "ब्रेड काय म्हणते वं, रोडगा म्हण!" त्या बाईने दोन रोडगे खाल्ले, तूप कोपरापर्यंत ओघळलं, आणि ती आजीच्या शेजारी मांडी घालायचा प्रयत्न करत बसली. पाय काही दुमडेनात. आजी तिला पाय कसे घ्यायचे ते दाखवत होती, तेलुगूत. सगळी बाग हसत होती. त्या कापडी छताखालच्या बाकावर मी पाहिलं तर दाटीवाटीने माणसं, आणि आई उभी, हातात तुपाची वाटी. मला वाटलं झालं. जिंकले मी. आता ही कुठे जात नाही.

संध्याकाळी सगळे गेले. बाबा पातेली घेऊन घरी गेले. आई शेगडी घासत होती, मी पाणी ओतत होते, आणि मी इतकी खुशीत होते की गुणगुणत होते. मी म्हटलं, "आई, दर कार्तिकात करायचं हं आता."

"वानखेडेबाई करतीन," ती म्हणाली. "त्यांना सगळं समजावून सांगितलं मी. आजीचा मुलगा कोळसा आणून देईन म्हणाला."

"आणि तू?"

तिने घासणं थांबवलं नाही. "मी जानेवारीत हजर होते आहे, पोरी."

मला ते कळायला वेळ लागला. मग मी ओरडलेच. माणसं तर आली ना! तुला माणसं हवी होती ना! एवढी सगळी माणसं आणली ना तू!

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. हात राखेने काळे, त्यामुळे मनगटानेच माझे डोळे पुसले. "माझ्यासाठी कुठे आणली? माझी माणसं वर्गात बसली आहेत तिकडे. तुम्ही दोघं इथे एकटे पडान म्हणून आणली. मागच्या खेपेला तू फोनवर बोलायचीस न, बाबा नुसते टीव्हीसमोर बसतात, घरात कोणी येत नाही. मला झोप नव्हती वं. आता काकू आहे, आजी आहे. आता मी जाऊ शकते."

मी तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही. आता मला स्वतःची मुलगी आहे, नोकरी आहे, आणि ज्या वर्गात आपण पुरेपूर असतो तो वर्ग सोडून राहणं म्हणजे काय, हे मला कळतं. कळून काही कमी होत नाही. आई निवृत्त होऊन अमरावतीतच आहे, बाबाही पुढे तिकडेच गेले. रोज सकाळी माझा फोन असतो, तिकडे तेव्हा संध्याकाळ, मागून घरी गणिताला येणाऱ्या पोरांचा गलका ऐकू येतो. मी इतकी शहरं बदलली, एवढ्या बागा पाहिल्या, आणि प्रत्येक बागेत मी तिला घेऊन जायचं ठरवलं. ती दोनदा आली. पुरली नाही.

तेव्हा फ्रिस्कोहून ती गेली त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी घरात राहवेना म्हणून मी रस्ता ओलांडला. थंडी होती. छताखाली वानखेडेकाकू आणि तेलुगू आजी बसल्या होत्या, अंगावर शाली, मध्ये शेंगांची पिशवी. मला बघून काकू सरकल्या, आजीला सरकवलं आणि बाकावर हात थोपटला. मी जाऊन बसले. काकूंनी माझ्या ओंजळीत शेंगा दिल्या. मी एक फोडली, आणि मग काकूंना चिकटून आणखी थोडी आत सरकले. बाकाचं टोक मोकळं ठेवलं, आईपुरतं.